मिठागराची मालकीण

सुलभा,

तू गेल्यावर पेपरात चार ओळी आल्या. सेवाभावी शिक्षिका, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात मुलगी, जावई, एक नात. मी त्या दोनदा वाचल्या. मनमिळाऊ तू कधीच नव्हतीस. कोणी तुझ्या स्वयंपाकाला सात्त्विक म्हटलं तरी तुझ्या कपाळाला आठी पडायची. आणि तू लिहायचीस, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. गावाला तुझ्या नावावरचं एकच लिखाण ठाऊक आहे, आणि तेही आपण कधी वाचलंच नाही असं प्रत्येक जण वागतो. खरं काय ते सांगू शकेल अशी मीच उरले आहे. म्हणून लिहायला बसले. बत्तीस वर्षं मी सरकारी रजिस्टरं भरली, त्यात वाक्य लागत नाही. तेव्हा चुकलं तर तू लाल शाईने खुणा करतेयस असं समजून पुढे जाईन.

आपली ओळख माझ्या एका व्याख्यानात झाली. मी चौलला नर्स म्हणून येऊन वर्ष झालं होतं. तुझ्या शाळेत महिला पालकांसाठी माझं बोलणं ठेवलं होतं. पाळी, अंगावरून पांढरं जाणं, दोन मुलांमधलं अंतर, गोळ्या, तांबी. तक्ता लावून, पट्टीने दाखवत मी तासभर बोलले. बायका पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. सगळं संपल्यावर तू तक्ता गुंडाळायला मदत केलीस आणि म्हणालीस, "सिस्टर, तुम्ही बाईच्या अंगाबद्दल तासभर बोललात. त्यात बाईला काय आवडतं ते कुठेच आलं नाही."

तो माझ्या खात्याचा विषय नाही, असं मी म्हटलं. शाळेच्याही खात्याचा नाही, असं तू म्हणालीस. शनिवारी दुपारी घरी या, एवढं सांगून तू वर्गावर गेलीस.

तुझे यजमान जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. केतकी शनिवारी दुपारी रेवदंड्याला शिकवणीला जायची. तू मला कोकम सरबत दिलंस, सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा सोडलास आणि त्यातून एक दोनशेपानी वही काढलीस. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला जगात कोणी आपण होऊन हात लावत नाही, असं म्हणालीस. पडवीसमोर तुझी सुपारीची वाडी होती, पाटातून पाणी सोडलेलं होतं. तू वाचायला लागलीस आणि दुसऱ्या पानावर माझे कान तापले.

शरीराचे शब्द मला तोवर दोनच जागी भेटले होते, रजिस्टरात आणि भांडणात. रजिस्टरातले थंड, भांडणातले मारायला उठलेले. तू भलतीकडूनच आणले होतेस. तापलेल्या आळ्यात पाणी शिरतं तेव्हा माती जो आवाज करते, तो. भिजलेल्या वालाची साल बोटाखालून सुटते, ते. उकड मळताना तळहात कधी जोर लावतो आणि कधी सैल होतो, ते. सासूसमोर बोलता येणार नाही असा एक शब्द त्यात नव्हता, आणि सासूसमोर वाचता येईल असं एक वाक्य नव्हतं.

तुझ्या गोष्टी एका बेटावर घडायच्या. नकाशात नसलेलं, खाडीच्या तोंडाबाहेर कुठेतरी. तिथली सरदारीण विधवा होती, पन्नाशीची, कडक. गलबतं लुटायची. पकडून आणलेल्या कप्तानाला ती विचारायची, सात दिवस मी तुझ्या हुकमात राहीन, चालेल का. त्याला नको असेल तर परत जायला होडी तयार असायची. ज्या बाईपुढे सगळं बेट चळचळा कापायचं, ती बंद दाराआड स्वतःचे हात पुढे करून बांधून घ्यायची. आणि एक नियम होता. दोघांपैकी कोणीही 'चिंबोरी' म्हटलं की सगळं थांबायचं. गाठी सुटायच्या, दिवा लागायचा, पाणी हवं का विचारलं जायचं.

इतक्या शब्दांत खेकड्याचं नाव, चिंबोरीच का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "नको म्हणायची आपल्याला सवय नाही आणि नको ऐकून हो समजायची त्यांना सवय आहे. चिंबोरीचा मात्र कोणी दुसरा अर्थ काढू शकत नाही."

मी इतकी हसले की सरबत नाकातून आलं. पुढे कितीतरी दिवस आपण रेवदंड्याच्या बाजारात एकत्र जाऊ शकत नव्हतो. कोळीण टोपली पुढे करून 'घे गो बाय, चिंबोऱ्या ताज्या हायेत' म्हणायची आणि आपण दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या.

हसणं संपल्यावर जे झालं ते मी तुला अर्धंच सांगितलं होतं. माझ्या लग्नाला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. हे कारखान्यात पाळीवर जायचे. वाईट माणूस नाही, तू ओळखायचीस. पण तेवीस वर्षांत मी बिछान्यात एक शब्द बोलले नव्हते. जे व्हायचं ते होऊ द्यायचं आणि छताकडे बघत उद्याच्या लसीकरणाची यादी आठवायची. तुझ्या तीन-चार गोष्टी ऐकून झाल्यावर एका दुपारी, यांची सुट्टी होती, मी 'थांबा' म्हटलं. मोठ्याने नाही. हे थांबले, लगेच. उठून बसले आणि कुठे लागलं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, लागलं नाही, पण असं नको. मग कसं, असं त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता येईना. ते उत्तर शोधायला आम्हाला वर्ष लागलं. पण त्या दुपारी मी मोरीत जाऊन रडले ते दुसऱ्याच कारणाने. ज्या माणसावर मी तेवीस वर्षं मनातून चिडले होते, त्याला मी कधी सांगून बघितलंच नव्हतं.

तुला हे सांगायला मी जवळजवळ धावत आले होते. मला वाटलं, तू खूश होशील. तू चिडलीस. तुझी चीड मला नीट आठवते, कारण तशी ती पुढे अनेकदा पाहिली. "गोष्टीचं औषध करू नकोस, नलू," असं म्हणालीस. "दिवसातून दोनदा, जेवणानंतर घ्यायचं. मी कोणाला शिकवायला लिहीत नाही, ते सकाळी अकरा ते पाच करते, त्याचा पगार मिळतो." मी म्हटलं, पण मी शिकले ना. तू म्हणालीस, शिकलीस ती तुझी तू, गोष्टीने नुसती खिडकी उघडली होती, बाहेर बघितलंस तू.

हे आपलं भांडण पुढे दहा वर्षं चाललं. माझं म्हणणं, ज्यातून माणसाला काही मिळतं ते शिकवणंच. तुझं म्हणणं, ज्या दिवशी बाई आपल्या हौसेचं 'उपयोगी आहे हो' म्हणून समर्थन करायला लागेल त्या दिवशी ती हौस मेली. आज तुझं मला जास्त पटतं. तेव्हा पटलं असतं तर भांडायला काय उरलं असतं?

एक भांडण मात्र तसं खेळाचं नव्हतं. तू एक गोष्ट लिहिलीस, ज्यात सरदारीण सहाव्या दिवशीही ठरलेला शब्द उच्चारत नाही. थांबवता येत असून थांबवत नाही. तू ती फार सुंदर लिहिली होतीस आणि त्याचाच मला राग आला. त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रावर एक बाई आली होती, दंडावर पाच बोटं उमटलेली. विचारलं तर म्हणाली, 'पडले मोरीत, बाय. दुसरं काय न्हाय.' मी तुला म्हटलं, मी रोज असल्या बायका बघते आणि तू इथे बसून दोरीला फुलं लावतेस.

तू वही मिटलीस. मग म्हणालीस, "त्या बाईला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या सरदारणीला मी प्रत्येक ओळीला विचारते. तिला बांधणारी मी आणि सोडणारीही मीच. जे बाहेर होऊ द्यायचं नाही, ते निदान आत कसं असेल ते बघायला नको का?"

वाचणाऱ्याला हे कसं कळणार, असं मी म्हटलं. वाचणारा तेवढा मूर्ख आहे असं धरून चालायचं असेल तर नागरिकशास्त्र लिहावं, असं तू म्हणालीस. मी त्या दिवशी चहा न घेता निघाले. मला अजूनही वाटतं, आपण दोघी थोड्या थोड्या बरोबर होतो. पण हे म्हणायला आता समोर कोणी नाही, त्यामुळे त्यात काही मजा राहिली नाही.

सविता आपल्यात नंतर आली. अंगणवाडीची सेविका, पस्तिशीची, फारसं न बोलणारी. एकदा मला शोधत तुझ्या घरी आली आणि दारातच थांबून अर्धं पान ऐकत राहिली. तू न थांबता हाताने 'बस' अशी खूण केलीस. त्यानंतर ती दर शनिवारी शिवणकामाची पिशवी घेऊन यायची. पिशवीतून कधी सुई बाहेर आली नाही.

आणि मग ती गोष्ट. मी वाल सोलत बसले होते, तू नवीन काही लिहिलं नव्हतंस, म्हणून मला म्हणालीस, तू सांग आज. मी म्हटलं, मला कुठे येतं. तुला माहीत असलेली जागा घे, असं तू म्हणालीस. मला माहीत असलेली जागा म्हणजे मिठागर. माझं माहेर पेणकडचं, वडील मिठागरावर राबले, उन्हात पांढरं पडलेलं ते रान मला पाठ आहे. मी सांगायला लागले. एका मिठागराची मालकीण, नवरा असलेली, संसार असलेली. तिच्याकडे चाळिशीचा एक माणूस कामाला येतो. ती त्याला सांगते, मी म्हणेन तेवढंच करायचं. पाय धू. बस. माझ्याकडे बघ. आता जवळ ये. थांब. तो थांबतो. ती त्याला पुन्हा जवळ बोलावते आणि पुन्हा थांब म्हणते. त्या बाईला सगळ्यात जास्त सुख कशाचं होतं, तर तो दर वेळी खरंच थांबतो याचं.

मी बोलत होते आणि तू लिहून घेत होतीस. मी वालांकडे बघत बोलले, तुझ्याकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. दोन शनिवार लागले. शेवटी तू वर नाव घातलंस, 'मिठागराची मालकीण', आणि पेन ठेवून एवढंच म्हणालीस, "नलू, ही पूर्ण आहे." तुझ्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कोणाला मिळालेली ऐकली नाही.

सविताने त्या पानांचे फोटो काढले, ते घरी जाऊन पुन्हा वाचायला मिळावेत म्हणून. दुष्टाव्याने नाही. तिच्या नवऱ्याने फोन बघितला. दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर ती पानं फिरत होती, आणि अक्षर कोणाचं ते विचारायची कोणाला गरज पडली नाही. गावातल्या प्रत्येक घरात ते अक्षर प्रगतिपुस्तकावर होतं.

शाळेच्या ऑफिसात संस्थेचे अध्यक्ष होते, मुख्याध्यापक होते, दोन पालक होते. तू भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होतीस, पर्स मांडीवर धरून. मला बोलावलं होतं कारण दर शनिवारी मी तुझ्याकडे जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्ष म्हणाले, सिस्टर, तुमचा शब्द आम्ही मानू, तिथे काय चालतं ते तुम्ही सांगा. ते सौजन्याने बोलत होते. टेबलावर ती पानं छापून ठेवली होती. माझं वाक्य, मालकीण पहिल्यांदा 'थांब' म्हणते ते, कोणीतरी पेनाने गोल केलं होतं.

मी म्हटलं, "आम्ही तिथे शिवणकाम करतो. मला यातलं काही माहीत नाही."

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. अध्यक्षांना म्हणालीस, "बरोबर आहे. त्यांना काही माहीत नाही. हे माझं आहे."

तू मला 'त्यांना' म्हणालीस. इतक्या वर्षांनी मी तुला पुन्हा कोणीतरी परकी बाई झाले, आणि ते तू मला वाचवायला केलंस.

मी असं का केलं याची कारणं मी स्वतःला खूप दिली आहेत. माझ्याकडे बायका विश्वासाने येतात, त्या यायच्या बंद झाल्या असत्या. मुलाचं लग्न ठरत होतं. यांना कारखान्यात तोंड दाखवता आलं नसतं. सगळी खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. तुलाही नोकरी होती, तुलाही मुलगी होती. मी घाबरले, दुसरं काही नाही.

तू मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिलास. केतकीचं लग्न होऊन सहा महिने झाले होते, पानं खारघरला तिच्या सासरीही पोचली. ती एका दिवसासाठी आली, हे तू लिहिलंस का विचारलं, तू हो म्हणालीस, आणि ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. त्यानंतर दिवाळीला फोन, संक्रांतीला फोन. नात झाली ती तू फोटोत बघितलीस. सविताला तिच्या नवऱ्याने बोर्ली पंचतनला तिच्या भावाकडे नेऊन ठेवलं. तिथून ती परत आली नाही.

ऑफिसातल्या त्या दिवसानंतर चार दिवसांनी तू केंद्रावर आली होतीस. बाकावर इतर बायकांबरोबर नंबर लावून बसलीस. मी दंडाला पट्टा बांधत असताना तू पाऱ्याकडे बघत होतीस. वाढलंय, असं मी म्हटलं. वाढणारच, असं तू म्हणालीस. उठताना पदर नीट केलास आणि हळू आवाजात म्हणालीस, शनिवारी ये.

मी येत राहिले. पण वाचणं बंद झालं. आपण सुपारी, पाणी, गुडघे यांबद्दल बोलायचो. एकदा, वर्ष-दीड वर्षाने, मी म्हणायला गेले की त्या दिवशी ऑफिसात माझ्याकडून जे झालं. तू मला पुढे जाऊ दिलं नाहीस. "तुझी गोष्ट चांगली होती, नलू," असं म्हणालीस. "माझ्या सगळ्यांपेक्षा चांगली. म्हणून तर ती माझी म्हणायला मला लाज वाटली नाही." आणि उठून दूध तापवायला गेलीस.

तुझं आजारपण नऊ महिने चाललं. अलिबागच्या डॉक्टरांनी हात वर केल्यावर तुला घरी आणलं, आणि मग मी निवृत्त असून पुन्हा नर्स झाले. सलाईन, इंजेक्शनं, अंग पुसणं. तुझं अंग मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ज्या बाईने हाताला, मानेला, पोटऱ्यांना इतके शब्द दिले, तिच्या स्वतःच्या पोटऱ्या काटकुळ्या झाल्या होत्या. ओल्या फडक्याने पाठ पुसताना तू डोळे मिटून म्हणायचीस, जरा डावीकडे, हळू, हं. शेवटपर्यंत तुला काय हवं ते तू नेमकं सांगत होतीस. ही कला मी तुझ्याकडूनच घेतली, तू नाही म्हणालीस तरी.

एका दुपारी तू म्हणालीस, वह्या काढ, वाच. मी उठून आधी खिडकी लावली. शेजारच्या वाडीत माणसं सुपाऱ्या काढत होती. तू म्हणालीस, ती उघड ना, उकडतंय. मी म्हटलं, ऐकू जाईल. मी बंद खिडकीत तुला बेट वाचून दाखवलं, दबक्या आवाजात. मग तू मिठागर वाच म्हणालीस. मी चार ओळी वाचल्या आणि पुढे जाता येईना. तू हसायचा प्रयत्न केलास, खोकला आला. मी तोंड पुसलं, पाणी दिलं. त्यानंतर बारा दिवस तू होतीस. खिडकी उघडायला मला बारा दिवस होते.

तुझे दिवस झाल्यावर केतकीने मला बोलावलं. ती तुझी ट्रंक उघडून बसली होती. आठ वह्या आणि सुटी पानं. मावशी, याचं काय करायचं, असं तिने विचारलं. आईने काही सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मी चुलीत घालणार होते, मग वाटलं तुम्हाला विचारावं. सुट्या पानांमध्ये वरतीच ती गोष्ट होती.

मी म्हटलं, "ही माझी आहे."

तिला वाटलं मला मागायची आहे. घ्या ना, असं म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, अक्षर तुझ्या आईचं, गोष्ट माझी. मी सांगत गेले, तिने लिहून घेतली.

केतकीने ती पानं मांडीवर घेतली. मग शांतपणे एकेक विचारायला लागली. तुम्हाला तेव्हा शाळेत बोलावलं होतं ना? हो. मग तुम्ही काय सांगितलंत? मला माहीत नाही म्हणून सांगितलं. आईला ठाऊक होतं तुम्ही काय सांगणार? नाही. ती तिथेच बसली होती? हो.

"नऊ वर्षं मी या घरात झोपले नाही," ती म्हणाली.

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने चटई ओढली आणि म्हणाली, आईचं कुठलं आणि तुमचं कुठलं ते वेगळं करून द्या. आम्ही दुपारभर पडवीत बसलो. बेटाच्या सगळ्या वह्या तुझ्या. मिठागर माझं. पण काही पानं अशी होती की तू सुरुवात केलेली, मी मध्ये काही म्हटलेलं, तू ते फिरवून घातलेलं. केतकी पान पुढे करायची, हे कोणाचं? मी म्हणायचे, आठवत नाही. तिला वाटलं असेल मी टाळते. शेवटी ती पानं तिने ठेवून घेतली. जाळणार नाही एवढं म्हणाली. रिक्षात बसताना तिने विचारलं, आईने मला का नाही सांगितलं? मी म्हटलं, मला माहीत नाही. या वेळी ते खरं होतं.

घरी आले तेव्हा हे अंगणात वालाच्या शेंगा वाळत घालत होते. मी तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. पानं, ऑफिस, केतकी. हे शेंगा पसरत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "मला ठाऊक हाय."

कधीपासून, असं मी विचारलं. ते म्हणाले, पानं फिरली तेव्हाच. कारखान्यात एकाने जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवली, सगळे हसत होते. "तो माणूस म्हणजे मीच की. दुसऱ्या कुणाला कसं कळंल?"

मग बोलला का नाहीत?

"तू बोलली न्हायस. मी म्हटलं, तुझ्या शब्दाशिवाय आपण कसं पुढं जायाचं."

सुलभा, तू म्हणायचीस गोष्टीतून कोणी शिकत नाही. हे शिकले होते. मीच शिकवलं होतं. त्यांनी तो धडा नऊ वर्षं पाळला, आणि त्याची किंमत तू मोजलीस. मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अध्यक्षांच्या घरी गेलो. आता ते अध्यक्ष नाहीत, कानाला यंत्र लावतात. मी सांगितलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं. आतून त्यांच्या सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग म्हणाले, "आता कशाला, सिस्टर? बाई तर गेल्या."

मी म्हटलं, नाव चुकीचं लागलंय, ते दुरुस्त करायला आले. त्यांनी मान हलवली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. आम्ही चहा घेतला नाही. फाटकाबाहेर येऊन मी यांच्या मनगटावरच्या घड्याळात बघितलं. आत जाऊन बाहेर यायला आम्हाला दहा मिनिटं लागली होती.